तोच वेग, तोच चढ, ठोके मात्र बारा जास्त

आमच्या कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयरुग्णांच्या व्यायामाच्या, विभागात स्टेंट बसवलेल्या प्रत्येक पेशंटची वही असते. गोळ्या किती वाजता घेतल्या, बसल्या जागी ठोके किती, ट्रेडमिलचा वेग, चढ, मिनिटं, रक्तदाब आणि शेवटी बोर्गचा आकडा, म्हणजे ६ ते २० च्या मोजपट्टीवर पेशंटला स्वतःला किती दम लागल्यासारखं वाटलं ते. नव्या फिजिओंना ही कारकुनी वाटते. मे महिन्यातल्या एका सकाळी निदानाची सुरुवात या वहीतूनच झाली.

पेशंट ५६ वर्षांचे, भुसार मालाचे व्यापारी, मधुमेही. एलएडी या मुख्य रोहिणीत ३८ मिलीमीटर लांब आणि जेमतेम २.५ मिलीमीटर व्यासाचा, औषधाचा लेप असलेला स्टेंट बसून पाचवा महिना चालू होता. लांब स्टेंट, बारीक नळी आणि साखर हे त्रिकूट एकत्र आलं की आम्ही आधीच कान टवकारतो, कारण स्टेंटच्या आत नळी पुन्हा आकसण्याचा धोका अशांना जास्त.

त्यांचा व्यायाम ठरला होता सहाव्या आठवड्यातल्या टीएमटीवरून, म्हणजे ट्रेडमिलवर ईसीजी लावून घेतलेल्या चाचणीवरून. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवणाऱ्या ब्रूस पद्धतीचे पहिले दोन टप्पे, म्हणजे ६ मिनिटं, ते पुरी करू शकले. साधारण ७ मेट्‌स. एक मेट म्हणजे शांत बसल्यावर शरीराला लागणारी ऊर्जा. ही चाचणी ठोके कमी ठेवणारी मेटोप्रोलॉलची गोळी नेहमीच्या वेळी घेऊनच करायला सांगतो. गोळी बंद ठेवून काढलेला आकडा व्यायाम ठरवायला निरुपयोगी, कारण पेशंट रोज चालणार गोळी घेऊनच. त्यांचे बसल्या जागीचे ठोके ६२, चाचणीतले सर्वात जास्त १२८. फरक ६६. त्याचे ५० ते ६५ टक्के ६२ मध्ये मिळवले की ९५ ते १०५ ही चौकट मिळते. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र २२० वजा वय करून १६४ धरत होतं आणि १३१ गाठा म्हणून मागे लागलं होतं. ज्या हृदयाची कमाल १२८ आहे त्याला १३१! ती सूचना पहिल्याच दिवशी बंद करायला लावली.

सुरुवात सपाट पट्ट्यावर ताशी ३.२ किलोमीटर वेगाने, १० मिनिटांच्या दोन फेऱ्या. आधी मिनिटं वाढवायची, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम वाढवल्या की कशाने दम लागला ते कळत नाही. कठड्याला घट्ट धरून चालणं चालत नाही. हातांवर भार गेला की पट्टा ५ मेट्‌स दाखवतो आणि अंगाला घडतात त्याहून कितीतरी कमी. चौथ्या महिन्याअखेर ते ताशी ४.८ किलोमीटर, ४ टक्के चढावर ३० मिनिटं चालत होते. ठोके ९८ ते १००, वरचा रक्तदाब १४८ च्या आसपास, बोर्ग १२.

त्या दिवशी ७ मिनिटांचं वॉर्मअप झालं, कामाचा वेग लागला आणि आठव्या मिनिटाला ठोके ११२.

नुसते ठोके वाढले म्हणून कुणी घाबरत नाही. चुकलेली गोळी, ताप, रात्रीचं जागरण, उकाडा, कमी पाणी, रक्त कमी होणं, यातलं काहीही पुरतं. "काका, सकाळची गोळी?" "सातलाच घेतली." साखर पट्ट्यावर येण्याआधीच तपासलेली, १४२. बोर्ग विचारला तर १५. मग रक्तदाब घेतला: १२४. चार मिनिटांपूर्वी तो १३२ होता. भार वाढूनही दाब वर जाण्याऐवजी खाली येतो, तेव्हा हृदयाचा पंप कमी पडतोय असं समजून थांबायचंच. "छातीत काही?" "छातीत नाही हो मॅडम, इथं जबड्यात आवळल्यासारखं. सकाळी पोहे खाल्लेत, गॅस असेल."

गॅस! हा शब्द ऐकला की आमच्याकडे ईसीजीचं मशीन आपोआप पुढे येतं.

चढ शून्यावर, वेग १.५ वर, अर्ध्या मिनिटात पट्टा बंद. एकदम थांबवलं की पायांत उतरलेलं रक्त तिथेच राहतं, दाब आणखी पडतो, चक्कर येते. खुर्चीत बसवलं, झोपवलं नाही, कारण आडवं झालं की हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं आणि त्याच्यावरचा ताणही. वरचा दाब ९० च्या खाली असता तर मात्र आडवं करून पाय वर घेतले असते. रिहॅबचा तीन तारांचा मॉनिटर अशा वेळी पुरत नाही. बारा लीडचा ईसीजी काढला तर व्ही४ ते व्ही६ मध्ये एसटी २ मिलीमीटर खाली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. दाब पुन्हा मोजला, ११८. सिल्डेनाफिलसारखी, म्हणजे व्हायग्राच्या जातीची, गोळी घेतली आहे का ते स्पष्ट विचारलं. संकोचामुळे हा प्रश्न राहून जातो आणि त्यावर रोहिण्या सैल करणारी सॉर्बिट्रेट पडली तर दाब कोसळतो. नाही म्हणाले, तेव्हा ५ मिलिग्रॅम जिभेखाली. तीन-चार मिनिटांत जबडा मोकळा झाला, दहाव्या मिनिटाला ईसीजी पूर्ववत. कार्डियॉलॉजिस्ट तोवर पोचले होते.

मग वही उघडली. आधीच्या तीन आठवड्यांत वेग-चढ जसेच्या तसे, बोर्ग मात्र १२, १३, १४. घरच्या चालण्याच्या रकान्यात नेहमीच्या रस्त्याची २७ मिनिटं ३१ वर गेलेली. कारण म्हणून त्यांनीच लिहिलं होतं, "ऊन". खोदून विचारल्यावर कळलं, की चालायला लागलं की पहिली पाच मिनिटं जबडा आवळायचा आणि चालत राहिलं की सुटायचा. सुटतो म्हणजे किरकोळ, असा त्यांचा हिशेब. खरं तर चालता चालता विरणारं दुखणं हाही अंजायनाच, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण, आणि स्टेंटनंतर तो नव्याने सुरू झाला तर त्याच आठवड्यात दाखवायला हवं.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात चढणारं ट्रोपोनिन वाढलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या अँजिओत स्टेंटच्या आतच ८० टक्के अडथळा दिसला. रोहिणीच्या आतून चित्र काढणाऱ्या ओसीटीच्या कॅमेऱ्यात कारणही सापडलं: मधल्या भागात कॅल्शियमच्या कड्यामुळे स्टेंट पुरता उघडलेलाच नव्हता. आधी जास्त दाबाच्या फुग्याने तो उघडला, मग औषध लावलेला फुगा फिरवला. दुसरा स्टेंट टाकावा लागला नाही.

मुलगा चिडलेला. "एवढा व्यायाम केला, मग उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला गुळगुळीत उत्तर देण्यात अर्थ नव्हता. अँजिओप्लास्टी झालेल्या ११८ रुग्णांवरचा इटलीतला 'एटिका' अभ्यास २००१ साली आला. एका गटाला सहा महिने, आठवड्यातून तीनदा व्यायाम, दुसऱ्याला नाही. व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २६ टक्के वाढली, पुढचे हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले. पण प्लास्टीची जागा पुन्हा आकसण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. म्हणजे चालण्याने न उघडलेला स्टेंट उघडत नाही. चालताना रक्ताचा वेग वाढतो, त्याचं घर्षण रोहिणीच्या अस्तराला लागतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करतं आणि नळी गरजेला सैल होते. हा फायदा स्टेंटच्या तीन-चार सेंटिमीटरला नाही, उरलेल्या सगळ्या रोहिण्यांना. त्यांच्या उजव्या रोहिणीतला ४० टक्क्यांचा अडथळा पाच महिन्यांनीही ४० वरच होता. तो व्यायामाने थांबला की कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही, आणि मुलालाही तसंच सांगितलं.

फुग्याची प्रक्रिया मनगटातून झाली होती, म्हणून काही दिवस त्या हाताने जड उचलायचं नाही एवढंच बंधन. पोत्यांना हात लावायचा नाही हे दोनदा बजावलं. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन एकही दिवस चुकवायच्या नाहीत. जुने ९५ ते १०५ रद्द. रोहिणी उघडल्यावर कमाल ठोके बदलतात, त्यामुळे नवी टीएमटी होईपर्यंत बोर्ग ११ ते १२ हीच मर्यादा, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईल इतपत. पुन्हा सपाट पट्टा, पुन्हा ३.२. वहीत एक रकाना वाढवला: पहिल्या पाच मिनिटांत जबडा, गळा, छाती, हात यांत काही वाटलं का. वाटलं तर थांबून बसायचं, सॉर्बिट्रेट जिभेखाली, पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. उतरलं तरी त्याच दिवशी फोन.