वालाँसोलचं लव्हेंडर: दिवसाच्या टूरने जाऊ नका

जुलैच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये, जिथे वालाँसोलची लव्हेंडरची शेतं आहेत, सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या आसपास. टूरची गाडी तुम्हाला साडेसहाला हॉटेलच्या दारात सोडते. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि गाडी भाड्याने घ्या.

आम्ही आव्हिन्यों शहरातून ‘फोटोग्राफी स्पेशल’ म्हणून विकली जाणारी दिवसाची टूर घेतली होती. माणशी 165 युरो. जाहिरातीतल्या फोटोत जांभळ्या ओळी, टोकाला एक एकटं झाड आणि क्षितिजावर टेकलेला सूर्य. हा फोटो त्या टूरवर निघूच शकत नाही हे कळायला आम्हाला संध्याकाळ उजाडावी लागली.

सकाळी साडेआठला व्हॅन निघाली. साडेआठ म्हणजे ऊन वर येऊन अडीच तास झालेले. गॉर्द गावात पंचवीस मिनिटं, त्यातली दहा पार्किंग शोधण्यात. मग सेनांकचा मठ. 1148 साली स्थापन झालेला सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा हा मठ अरुंद दरीत आहे आणि समोर लव्हेंडरचं शेत. तिकडे उतरणारा रस्ता गॉर्दहून जेमतेम एका गाडीपुरता, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत पायी चालल्यासारखा वेग. ‘मठाची भेट समाविष्ट’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात भेट म्हणजे वरून बघणं; आतलं तिकीट वेगळं आणि आत जायला वेळही ठेवलेला नाही.

इथेच ट्रायपॉडचा किस्सा झाला. मी पिशवीतून ट्रायपॉड काढला तसा गाइड हसत जवळ आला. म्हणाला, “व्यावसायिक साहित्याला 15 युरो जादा, रोख.” मी विचारलं, कोणाला? मठाला? तर नाही, कंपनीला. ट्रायपॉडमुळे ग्रुपचा वेळ जातो म्हणे. बुकिंगच्या पानावर साध्या इंग्रजीत ‘ट्रायपॉड अवश्य आणा’ असं लिहिलेलं मी त्याला फोनवर दाखवलं. त्याने खांदे उडवले. बायको म्हणाली, “अरे दे आणि सोड, नाहीतर इथेच वीस मिनिटं जातील.” दिले. पावती नाही. रक्कम मोठी नव्हती, पण ट्रायपॉड आणायला सांगून मग त्याचेच पैसे घेण्याचा निर्लज्जपणा अजून डोक्यातून जात नाही. तुम्ही कुठलीही टूर घेतलीत तर ‘जादा शुल्क कशाकशाला’ हे आधी ईमेलवर लिहून मागा. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

मग रुसियों गाव. गेरूच्या लाल-पिवळ्या टेकड्या सुंदर आहेत, पण भर दुपारी त्या तव्यासारख्या तापतात. आत दोन पायवाटा आहेत, एक अर्ध्या-पाऊण तासाची, दुसरी तासाभराची. तिथे लेन्स बदलू नका. ती धूळ पिठासारखी बारीक असते आणि बुटांवरून तर धुऊनही पूर्ण जात नाही.

वालाँसोलच्या पठारावर पोचलो साडेतीनला. एकूण मुक्काम चाळीस मिनिटं. त्यातली वीस एका दुकानात, जिथे लव्हेंडरची पुरचुंडी, साबण, मध आणि पुन्हा पुरचुंडी. शेतात मिळाली वीस. आणि ते शेत कुठलं? दुकानासमोरचं. त्यात निदान साठ माणसं, पांढरे फ्रॉक, टोप्या, एकीने तर शेतात सूटकेस आणली होती.

आता साडेतीनला काय बिघडतं, हे सांगतो, कारण आपल्याकडच्या सवयीने हे लक्षात येत नाही. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या थोडं पुढे. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ तासभर पुढे सरकवलेलं असतं, त्यामुळे प्रोव्हान्समध्ये सूर्य माथ्यावर येतो पावणेदोनच्या सुमाराला. म्हणजे घड्याळात साडेतीन, पण सूर्याच्या हिशेबाने जेमतेम दोन. उभं, पांढरं, सपाट ऊन. अशा उन्हात लव्हेंडर जांभळं दिसतच नाही. राखेत थोडी जांभळी शाई मिसळल्यासारखं दिसतं. गाइडला हे पक्कं माहीत असणार. तरी रोज हाच क्रम, कारण आव्हिन्योंहून वालाँसोल लांब आहे आणि गॉर्द, सेनांक, रुसियों वाटेत विकता येतात. निष्कर्ष सरळ आहे: एका दिवसात सेनांक आणि वालाँसोल दोन्ही देणारी टूर म्हणजे व्हॅनमधून खिडकीबाहेर बघण्याची टूर.

दुसऱ्या दिवशी एक्स-आँ-प्रोव्हान्स शहराच्या टीजीव्ही (वेगवान रेल्वे) स्टेशनवरून भाड्याची गाडी घेतली. ए51 महामार्गाने मानोस्कच्या फाट्याला बाहेर पडायचं, ड्युराँस नदी ओलांडायची आणि डी6 रस्त्याने पठारावर चढायचं. सव्वा तास धरा. टोल आहे. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच तशी बुक करा, काउंटरवर ऐनवेळी मिळत नाही आणि मिळाली तर दाम दुप्पट. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय तासाभरात होते. अंगवळणी पडायला अवघड जातो तो दुसरा नियम: वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना. गावांमध्ये हे विसरलात तर धडक बसेल, आणि चूक तुमचीच धरली जाईल.

पठारावर पाचला पोचलो आणि कॅमेरा बाहेर न काढता आधी शेतं बघत फिरलो. जुलैत सूर्य वायव्येला मावळतो आणि ईशान्येला उगवतो. तेव्हा संध्याकाळसाठी वायव्येकडे धावणाऱ्या ओळी शोधा. फोनमधलं होकायंत्र पुरेसं आहे. वालाँसोल गावापासून प्युइमुआसाँकडे जाणाऱ्या डी8 रस्त्यावर अशी शेतं सापडतात, काही ठिकाणी शेजारी सूर्यफूलही लावलेलं असतं. डी6 वरची मोठी प्रसिद्ध शेतं टाळा. गाड्या रस्त्यातच थांबतात आणि मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवतात.

आठनंतर जे झालं त्यासाठी मी आदल्या दिवसाचे 15 युरो, 165 युरो, सगळं माफ करायला तयार झालो. जवळजवळ. टूरच्या गाड्या गेलेल्या, दुपारचा वारा पडलेला, आणि ऊन ओळींच्या पाठीमागून येऊन प्रत्येक तुऱ्याच्या कडेला लागलेलं. दिवसभर जो राखाडी होता तो रंग आता खरोखर जांभळा. मधमाश्यांचा आवाज इतका की बायकोने मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड केला. माश्या तुमच्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना फुलांतून फुरसत नाही. फक्त झुडपावर हात टेकू नका.

फोटोचं तंत्र थोडक्यात. डोळ्यांच्या उंचीवरून काढाल तर ओळींमधली माती आणि दगडच दिसतील. गुडघ्याच्या खाली उतरा, म्हणजे पुढची झुडपं मागच्यांना भिडतात आणि माती झाकली जाते. 70-200 मिमीची झूम लेन्स शेताच्या कडेवरून लावली तर ओळी एकमेकींत दाटतात, सगळ्यात चांगले फोटो याच लेन्सने आले. पोलरायझर फिल्टर दुपारी पानांवरची चमक काढतो. सूर्यास्ताला समोरून प्रकाश घेताना त्याचा उपयोग नाही, काढून ठेवा. वारा असेल तर शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नेऊ नका, लांब दांड्यांवर तुरे सतत डोलतात. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर ठेवा. फोनचा कॅमेरा बहुतेकदा हा रंग निळा करतो. आणि घरी येऊन सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवू नका, आधीच तसल्या फोटोंनी लोकांची फसवणूक चालू आहे.

तारखांबद्दल. वालाँसोलला दिसतं ते बहुतांश लव्हेंडर नसून लॅव्हँडिन आहे, म्हणजे लव्हेंडरचा संकर. झुडूप मोठं, गोल, दांडा लांब, तेल जास्त. त्याला बी धरत नाही, फांद्या लावून वाढवतात. साबणात आणि डिटर्जंटमध्ये हेच जातं. अस्सल लव्हेंडर जास्त उंचीवर. कासला फुलं आपोआप येतात, इथे हे पीक आहे, आणि पीक तयार झालं की शेतकरी तुमच्या सुट्टीसाठी थांबत नाही. जूनच्या मध्यापासून रंग चढतो, जुलैच्या मध्यानंतर यंत्रं शेतात उतरतात, आणि महिनाअखेरीला गेलात तर बरेचदा नुसते खुंट. उशीर झालाच तर वालाँसोलचा नाद सोडून माँ व्हाँतू पर्वताच्या पायथ्याजवळच्या सो या गावाकडे जा. ते उंचावर असल्याने तिथली फुलं उशिरापर्यंत टिकतात. 15 ऑगस्टला तिथे लव्हेंडरचा उत्सवही असतो.

शेतं खासगी आहेत. फुलं तोडू नका, झुडपांवर चढू नका, पाटी असेल तिथे आत पाऊल टाकू नका. ड्रोन न्यायचा असेल तर युरोपात ऑपरेटर म्हणून नोंदणी करावी लागते आणि नियम वाचावे लागतात. ‘इथे कोण बघतंय’ हा विचार चालत नाही.

पठारावर सावली नाही, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि चांगल्या तळव्याचे बूट हवेत, कारण ओळींमधली जमीन गोट्यांची आहे आणि अंधारात घोटा मुरगळतो. जेवणाचं गणित आधी सोडवा. गावातली रेस्टॉरंटं दोनला स्वयंपाक बंद करतात आणि सातच्या आत उघडत नाहीत. साडेदहाला शेतातून परतलात तर उपाशी झोपाल. आम्ही दुपारीच बेकरीतून पाव, चीज, टोमॅटो घेऊन ठेवले. रेस्टॉरंटमध्ये बसलात तर नळाचं पाणी मागा, ते फुकट देतात. रुसियोंत वेटरने न विचारता बाटली उघडली आणि सहा युरो लावले. मुक्काम वालाँसोल, रिएझ किंवा मानोस्कला करा, म्हणजे पहाटे साडेपाचला पुन्हा शेतात उभं राहता येतं. पहाटे तर चिटपाखरू नसतं.

शेवटचा मुद्दा पेट्रोलचा. रात्री आणि रविवारी पंपावर माणूस नसतो, फक्त कार्ड घेणारं यंत्र. ते पेट्रोल देण्याआधी तुमच्या कार्डावर शंभर युरोच्या वर रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला काही दिवस लागू शकतात. तिथे प्रीपेड फॉरेक्स कार्ड घालू नका, क्रेडिट कार्ड घाला. आमचं फॉरेक्स कार्ड असंच अडकलं आणि पुढच्या मुक्कामी हॉटेलचे पैसे बायकोच्या कार्डावरून भरावे लागले.