ऑक्सिमीटरवर ९८ दिसत होतं

भोगीच्या आदल्या दिवशी पहाटे पावणेसहाला आशाताईंचा फोन आला. "मॅडम, मळ्यातल्या आण्णांकडं या लवकर. आजी उठतच नाहीत. आण्णा उठलेत, पण काहीतरीच बोलतायत."

निफाड तालुक्यात गोदाकाठच्या एका गावात मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा पेपरात येतो आणि महाराष्ट्राला कळतं की निफाड गारठलं. त्या आठवड्यात पारा पाच-सहा अंशांवर होता. गाडी काढली तर दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या. या दिवसांत मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे चारला उठून बागेत धूर करतात, मुळांना ऊब मिळावी म्हणून विहिरीचं पाणी ठिबकवर सोडतात. सगळं शिवार जागं होतं.

आण्णांचं वय ऐंशीच्या घरात, आजी दोन-चार वर्षांनी लहान. मुलगा पुण्याला नोकरीला. मळ्यात दोघंच. दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडेना, तेव्हा त्यानं कडी वाजवून वाजवून आण्णांना उठवलं. आण्णा कसेबसे दारापर्यंत आले, उंबऱ्यातच बसले आणि ओकले. दूधवाल्यानं आशाताईंना बोलावलं.

मी पोचले तेव्हा आण्णा ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. डोकं दोन्ही हातांत धरलेलं. आत खाटेवर आजी. हाक मारली की डोळे अर्धवट उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो अर्धांगवायू. हात उचलायला लावले. सावकाश उचलले, पण दोन्ही सारखेच. तोंड वाकडं नव्हतं. साखर तपासली, ११८. बीपी १६०, खाली ९४. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, म्हाताऱ्या माणसांचं बीपी चढतंच. ताप नाही, अंगही फार गार पडलेलं नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८.

तो आकडा बघून मला हायसं वाटलं. श्वासाचं काही नाही, आता सावकाश विचार करू, असं मी मनाशी म्हटलं. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

तेवढ्यात आशाताई म्हणाल्या, "मॅडम, माझंबी डोकं जड झालंय. मळमळतंय." आजींना वारा लागू नये म्हणून आत आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं होतं. मी येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं त्या आत बसून आजींचे तळवे चोळत होत्या.

एका घरात दोघांना एकाच रात्री एकच त्रास, आणि तिसरं माणूस येऊन बसतं तर त्यालाही तोच त्रास. मी खाली वाकून बघितलं. खाटेखाली घमेलं होतं. वरून राखेचा थर, आणि हात जवळ नेला तर आच अजून लागत होती. बाभळीचे निखारे. खोलीला एकच खिडकी, तिच्या गजांना खताची रिकामी गोणी सुतळीनं बांधून टाकलेली. दाराशेजारी आजींच्या जुन्या हिरव्या लुगड्याची घट्ट गुंडाळी पडली होती. ती रात्रभर उंबऱ्याच्या फटीत खोचलेली असणार.

दार सताड उघडलं, गोणी ओढून काढली. दूधवाला आणि शेजारच्या बागेतली दोन पोरं धावत आली. आजींना गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, वरून आणखी दोन घोंगड्या घातल्या. आशाताईंना बाहेर बसवलं. १०८ ला फोन लावला तेव्हा माझा आवाज कापत होता. आण्णा म्हणत होते, "बाहेर काढू नका तिला, गारठ्यानं मरंल." त्यांची समजूत घालायला त्या क्षणी माझ्याकडं वेळ नव्हता.

धुराला माणूस घाबरतं. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस उठून दार उघडतं. पण निखारा धगधगीत झाला की धूर येत नाही, आणि तो आत आणायला हरकत नाही असं घराघरांत मानतात. कोंडलेल्या खोलीत त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. आणि बोटाला लावायचं आपलं यंत्र रक्तातून जाणाऱ्या प्रकाशावर आकडा काढतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. कोविडपासून गावोगावी लोकांकडं ऑक्सिमीटर आले आहेत, त्यांनी हे एवढं जरूर ध्यानात ठेवावं. शेगडी, घमेलं, कोळसा, बंद बाथरूममधला गॅस गीझर असं काही जवळ असेल तर त्या ९८ वर विसंबू नका.

रुग्णवाहिकेत दोघांनाही मास्क लावून ऑक्सिजन सुरू झाला. तालुक्याला पोचताच डॉक्टरांना मी आधी घमेल्याचं सांगितलं, आकडे मागून. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्यानं उतरायला चार-पाच तास घेतो, शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम तास-दीड तासात होतं. आण्णांचं डोकं नऊच्या सुमाराला हलकं झालं. आजींनी अकरा वाजता नीट डोळे उघडले. माझा हात धरला, मास्कच्या आतून काहीतरी म्हणाल्या. मी कान जवळ नेला.

"पोरी, तूच सांगितलं व्हतं ना, दारं-खिडक्या गच्च लावून निजा म्हणून."

त्या तक्रार करत नव्हत्या. सांगितलेलं सगळं केलं, तरी असं कसं झालं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आठच दिवसांपूर्वी मारुतीच्या पारावर ज्येष्ठांची बीपी-शुगर तपासणी होती, तिथं मी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं: कानाला रुमाल बांधा, पहाटे फिरायला निघू नका, उन्हं आल्यावर निघा, दारं-खिडक्या लावून झोपा, गोळी चुकवू नका. आजी पुढंच बसल्या होत्या, मान डोलावत. आत ऊब कशाची करता, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

दुपारी परत येऊन मी आणि आशाताईंनी रजिस्टर काढलं. आशाताईंना म्हटलं घरी जा, आराम करा. त्यांनी ऐकलं नाही. साठीच्या पुढचे, एकटे किंवा दोघंच राहणारे, अशी तेवीस घरं निघाली. पुढचे तीन दिवस आम्ही ती घरं हिंडलो. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी आम्ही तीन वेगवेगळ्या घरांत खाल्ली, कारण आजीबाया उपाशी सोडेनात.

या वेळी सांगितलं काहीच नाही, आधी विचारलं. रात्री ऊब कशी करता? सहा घरांत झोपायच्या खोलीत निखारे होते. एका आजीकडं मुलीनं दिलेली नवी रजई होती, ती ट्रंकेत, पाहुण्यांसाठी ठेवलेली; स्वतः दोन साड्या जोडून शिवलेल्या गोधडीत. साखरेचा त्रास असलेल्या एका बाबांच्या टाचेला मोठा फोड होता. गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी भरून ती पायाशी घेतली, पायांना बधिरपणा असल्यानं भाजलेलं रात्रभर कळलंच नाही. बऱ्याच जणी संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, कारण संडास अंगणाच्या पलीकडं आणि रात्री गारठ्यात उठायची भीती. मग दिवसाही तहान लागत नाही, लघवीला जळजळ होते, आणि ते कुणाला सांगायला लाजतात. एक तात्या पहाटे पाचला उघड्यावर गार पाण्यानं अंघोळ करत होते, साठ वर्षांचा नेम. त्यांना मी दहा वाजता, ऊन अंगणात आल्यावर, कोमट पाण्यानं करायला राजी केलं. "देव काय घड्याळ लावून बसलाय का," असं त्यांच्याच सूनबाईंनी म्हटलं आणि काम झालं.

मला सगळ्यात टोचलं ते हे की यांतलं कुणीही "थंडी वाजते" असं म्हणत नव्हतं. म्हातारपणी अंगावरची चरबी कमी होते, थंडीची जाणीवही बोथट होते. शिवाय, लेकरांना कशाला घोर, हे असतंच.

दूधवाला आता रतीब घालताना या तेवीस घरांची कडी वाजवतो, आतून ओ आल्याशिवाय पुढं जात नाही. हे त्यानंच सुचवलं. पहाटे बागांत शेकोट्या करणारी पोरं येता-जाता डोकावतात. आण्णांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. चार जाड रजया आणि लोकरीचे मोजे ठेवून गेला, रोज रात्री आठला फोन करतो.

आजींकडं मी सहा आठवडे दर बुधवारी गेले. या विषबाधेत माणूस बरं होऊन घरी आल्यावरही काही आठवड्यांनी विसरभोळेपणा येऊ शकतो, चाल बिघडू शकते. मी त्यांना अंगणात चालायला लावायचे, वार विचारायचे, नातवंडांची नावं विचारायचे. चौथ्या बुधवारी त्या वैतागल्या. म्हणाल्या, "सगळ्यांची नावं सांगितली, आता तुझं सांगू का?" आणि हाताला धरून मला आत घेऊन गेल्या.

खिडकीवरची गोणी गेली होती. झडप अर्धवट लोटलेली, आणि ती वाऱ्यानं बंद होऊ नये म्हणून आजींनी चौकटीत दाणे काढलेलं मक्याचं कणीस आडवं बसवलं होतं.

"एवढी फट पुरं ना?" त्यांनी विचारलं.

मी फटीत बोटं घालून बघितली. चार बोटं सहज जात होती.