आधी दार बघा, कुलूप नंतर

आषाढ लागला की फोन सुरू होतात. "मामा, कुलूप बिघडलंय, किल्ली फिरंना." खानापूर, जांबोटी, नंदगड, कणकुंबी या पट्ट्यातनं जास्त. तिकडच्या पावसाबद्दल मी वेगळं काय सांगायचं? माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दार उघडं ठेवा आणि तशीच किल्ली फिरवा, फिरते का? फिरते म्हणाले की मी निवांत होतो. दार उघडं असताना कुलपाची जीभ, म्हणजे चौकटीत घुसणारा दांडा, सुरळीत आत-बाहेर होते आणि दार लावल्यावर अडते, म्हणजे कुलूप धडधाकट आहे. दोष लाकडात आहे, नाहीतर बिजागरीत.

बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यात फिटर म्हणून निम्मं आयुष्य गेलं. जुनी कुलपं हा तेव्हा रविवारचा नाद होता, आता तोच धंदा झालाय. गोकाककडची गिऱ्हाईकं कानडीत "कीली तगीरी", म्हणजे कुलूप उघडा, म्हणत येतात, निपाणीकडची "खोला की मामा" म्हणत. दोघांच्या हातातलं कुलूप मात्र सारखंच दिसतं, आधी कोणीतरी हातोडीनं ठोकून बघितलेलं. ठोकलेलं कुलूप दुरुस्त करायला न ठोकलेल्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो आणि मी दुप्पट पैसे घेतो, हे इथं लिहून ठेवतो म्हणजे पुढं वाद नको.

तर लाकूड. पाऊस धरला की फळी रुंदीला फुगते, उंचीला जवळजवळ नाहीच. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, आंब्याच्या फळीचं विचारू नका. दार रुंद झालं की चौकटीला घासतं, मग घरातली माणसं खांदा लावून ढकलतात, आणि सगळा भार वरच्या बिजागरीवर येतो. तिचे स्क्रू सैल होतात, दार पुढच्या कडेला खाली झुकतं. जीभ खाचेत जायच्या ऐवजी खाचेच्या खालच्या काठावर जाऊन धडकते. चौकटीवरची पत्र्याची पट्टी नीट बघा. खाचेच्या खाली चकचकीत ओरखडा असेल तर दार झुकलंय, एवढं पक्कं. ओरखडा दिसत नसेल तर जिभेच्या टोकाला खडू फासा, दार लावा, किल्ली फिरवायचा प्रयत्न करा आणि खडू कुठं उमटला ते बघा.

उपाय बहुतेक वेळा बिजागरीचाच असतो. स्क्रू काढायचे, भोकात सागवानाची सळी फेव्हिकॉल लावून ठोकायची, दुसऱ्या दिवशी तिथंच नव्यानं स्क्रू पिळायचे. दार वर येतं आणि कुलूप आपोआप "दुरुस्त" होतं. सुताराला बोलावून भर पावसात दाराला रंधा मारून घेऊ नका. श्रावणात घट्ट बसणारं दार रंधल्यावर बरं वाटतं, पण फाल्गुनात तेच दार आकसतं आणि फटीतनं शेजारचं अंगण दिसतं. रंधा मारायचाच असेल तर दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर, आणि तोही फक्त घासलेल्या जागी.

फर्निचरचंही तेच. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतलं सामान विकायला निघालं की एखादं टेबल, एखादी ड्रॉवरची पेटी माझ्याकडं येते. "ड्रॉवर लॉक आहे, किल्ली नाही." बरेचदा ड्रॉवर लॉक नसतोच, फुगलेला असतो. बोटभर हलतो का बघायचं. लॉक असेल तर वरच्या कडेला, बरोबर मध्ये, कडक ठोका बसल्यासारखा अडतो, आणि बाजूंना किंचित हलतो. फुगला असेल तर दोन्ही बाजूंनी दमेकरी माणसासारखा कुरकुरत अडतो. मग पंख्याखाली, कोरड्या खोलीत ठेवायचा. माळ्यावर नाही, न्हाणीघराशेजारी तर नाहीच.

खरोखर लॉक असला तरी किल्लीच्या भोकाकडं सगळ्यात शेवटी जायचं. आधी वरचा ड्रॉवर काढा, मध्ये फळी नसेल तर आतनं हात जातो. नाहीतर टेबल भिंतीपासून ओढा. जुन्या कारागिरांनी पुढची बाजू जीव ओतून केलेली असते आणि मागं साधी पातळ फळी चार खिळ्यांवर. ती सोडवली की आतली स्क्रूची डोकी हातात येतात. पेटीला बिजागरीची पिन बाहेरून दिसत असेल तर ती ठोकून सरकवता येते. पितळी स्क्रू मात्र सांभाळा. खाचेत पन्नास-साठ वर्षांचं पॉलिश भरलेलं असतं, ते सुईनं साफ करा, खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, आणि सोडवायच्या आधी किंचित आवळा. कट् असा आवाज आला की पकड सुटली. तरी नाही आला तर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री डोक्यावर मिनिटभर धरायची. काढलेले स्क्रू पुठ्ठ्यावर, ज्या जागेचा त्या जागी टोचून ठेवायचे. हातानं केलेल्या जुन्या स्क्रूंची एकमेकांशी अदलाबदल होत नाही.

कुलूप हातात आलं की पुढची गोष्ट सोपी. आपल्याकडच्या जुन्या कुलपांत मुख्य दोन जाती. एकीत आत नुसते कंगोरे असतात, किल्लीच्या पात्याला त्यांच्याजोगत्या खाचा हव्यात, बस. अशा कुलपाला शेजारच्या घराची किल्लीही लागून जाते, म्हणून तिजोरीला हे नको. किल्ली करायची तर कोऱ्या पात्याला मेणबत्तीची काजळी धरा, आत घालून हलक्या हातानं फिरवा, बाहेर काढा. जिथली काजळी पुसली तिथं कानस. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. सावकाश.

दुसरी जात लिव्हरची, म्हणजे आत वर-खाली होणाऱ्या चपट्या पट्ट्यांची. प्रत्येक लिव्हर किल्लीनं नेमका तेवढाच उचलायचा असतो. कमी उचलला तरी जीभ अडते, जास्त उचलला तरी अडते. ही दुहेरी अडवणूक इंग्लंडात रॉबर्ट बॅरननं १७७८ साली पेटंट केली, आणि अजून आपल्या तिजोऱ्या त्याच जोरावर उभ्या आहेत. १८१८ मध्ये जेरेमाया चब यानं त्यात भर घातली: कोणी खोटी किल्ली घालून लिव्हर जास्त उचलला तर एक खुट्टी अडकते आणि मग मालकाची किल्लीही चालत नाही. सुरुवातीला खुट्टी सोडवायला वेगळी किल्ली लागायची, नंतरच्या कुलपांत मालकाचीच किल्ली आधी उलटी फिरवून ती सोडवायची, म्हणजे मालकाला कळतं की कोणीतरी हात लावलाय. असं कुलूप कोणी घेऊन आलं की मी पहिल्यांदा किल्ली उलटी फिरवतो. कधीकधी तेवढ्यावर मामला संपतो आणि मला चहाचेच पैसे मिळतात.

एकदा टिळकवाडीत एका आजींकडं लिहायची लाकडी पेटी होती, बारीक नळीसारख्या किल्लीची, नळीच्या टोकाला बारीक खाचा. इंग्लंडातल्या जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याच्या १७८४ च्या पेटंटाची ही तऱ्हा. ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं, उघडेल त्याला दोनशे गिनी. वर्षानुवर्षं कोणाला जमलं नाही. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाला आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते उघडलं, पण सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. मी आजींना हे सांगितलं आणि म्हटलं, मला इतके दिवस जेवायला घालणार का? मग बिजागरीच्या बाजूनं झाकण सोडवलं, आत सुपारी कातरायचा अडकित्ता आणि मोडीतल्या कागदांची चळत निघाली. नव्या किल्लीचा खर्च त्यांनी नको म्हटला. पेटी आता कुलपाविना नांदते.

लिव्हरचं कुलूप उघडताना झाकण काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, आणि सगळं काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून. स्प्रिंग उडाली तर पिशवीतच राहते. तुटलेल्या चपट्या स्प्रिंगच्या जागी मी घड्याळ दुरुस्तीवाल्याकडची जुनी मेनस्प्रिंग कापून वापरतो. वाकवायची जागा तेवढी लालबुंद तापवून मऊ करायची, नाहीतर काचेसारखी तुटते.

आता तेल. आमच्या भागात देवघरातल्या बाटलीतलं खोबरेल तेल कुलपात सोडायची फार हौस. हे तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, आणि बेळगावात डिसेंबरच्या पहाटे थंडी त्याच्या कितीतरी खाली जाते. "मामा, सकाळी उघडंना, दुपारी उघडतंय, भुताटकी हाय काय?" असा फोन हिवाळ्यात येतो तेव्हा मी फक्त तेलाचं नाव विचारतो. स्प्रिंग कमकुवत झाली तरी लिव्हर स्वतःच्या वजनानं खाली पडतो, पण गोठलेल्या तेलात तो लटकूनच राहतो. एरंडेल तर काही वर्षांत गोंद होतं. कुलूप रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवून, सुकवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लिव्हरच्या खुंटीवर. किल्लीच्या भोकात पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते, तेल नको, धूळ चिकटते.

एक नियम मी मोडत नाही. वाटणी झालेली नसेल त्या घरातली बंद पेटी एकट्या भावासाठी उघडत नाही. जुन्या पेट्यांत मोडीतले फेरफार, नंतरचे कन्नड उतारे, कोणाच्या नावची पावती असं काय निघेल याचा नेम नसतो, आणि उघडणारा मी साक्षीदार होऊन बसतो.

सध्या संकेश्वरचं एक भिंतीतलं फडताळ अडलंय. मागं भिंत, त्यामुळं मागनं जाता येत नाही, आणि बिजागऱ्या आतल्या बाजूला. कंगोऱ्याचं साधं कुलूप आहे, काजळी आणि कानस घेऊन तासाभरात किल्ली होईल. चौघा भावांपैकी एक पुण्यात, एक हुबळीत. धाकट्यानं परवा हळूच विचारलं, "मामा, आधी एकदा बघून ठेवलं तर?" मी म्हटलं, चौघं गणपतीला घरी येता न्हवं, तेव्हा फोन करा, मी येतो.