तुम्ही विचारलंत म्हणून: ते पुस्तक नक्की कुठं आहे?

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या प्रकाशकाला तुम्ही दीड-दोन वर्षांपूर्वी क्राउडफंडिंगमध्ये पैसे दिलेत. कशासाठी, तर आरपीजीच्या पुस्तकासाठी. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, कुणी जादूगार तर कुणी भुरटा चोर होऊन खेळायच्या खेळाचं नियमांचं जाडजूड, रंगीत पुस्तक. पीडीएफ वेळेवर आली. मग निरोप आला, ‘छपाई झाली, माल चीनहून निघाला.’ त्यालाही चार महिने झाले. आता तुम्ही विचारता, पुस्तक गेलं कुठं? आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच तर्क लढवता: खलाशी खेळत बसलेत, क्राकेनने, म्हणजे दंतकथेतल्या राक्षसी ऑक्टोपसने, गिळलं, कस्टमच्या साहेबांनी स्वतःचं पात्र बनवायला घेतलंय. तर्क झकास आहेत. त्यातले खरे किती निघतात ते पाहू.

आधी खलाशी. मोठ्या कंटेनर जहाजावर माणसं असतात वीस-पंचवीस. मार्च २०२१ मध्ये सुवेझ कालव्यात आडव्या झालेल्या ‘एव्हर गिव्हन’वर २५ होती, आणि सगळी भारतीय. एक डंजन मास्टर (खेळ चालवणारा) आणि चार खेळाडू असे बरोब्बर पाच गट झाले असते. अडचण आहे ती पुस्तक हाती लागण्याची. कंटेनरच्या दाराला लोखंडी बोल्ट सील असतं, त्यावर नंबर असतो आणि तोच नंबर कागदांवरही असतो. सील कटरशिवाय निघत नाही आणि निघालं तर लपत नाही. त्यात डब्यावर डबा, शेजारी डबा, कोपऱ्यांना पिळून बसणारे ट्विस्टलॉक आणि वरून आवळलेल्या सळ्या. बहुतेक दारांपर्यंत माणूस पोचूच शकत नाही. आत काय आहे याची तपशीलवार माहिती जहाजावर असते ती प्रामुख्याने धोकादायक मालाची. तुमच्या पुस्तकातला ड्रॅगन कितीही आग ओकत असला तरी त्या यादीत बसत नाही.

क्राकेनचा तर्क मात्र अगदीच हवेतला नाही. समुद्र कंटेनर गिळतो. ३० नोव्हेंबर २०२० ला ‘वन एपस’ हे जहाज चीनच्या यानतियान बंदरातून अमेरिकेतल्या लाँग बीचला जात होतं. बरेच आरपीजी प्रकाशक नेमका हाच मार्ग वापरतात. हवाईच्या वायव्येला ते वादळात हेलकावलं आणि १,८१६ कंटेनर पाण्यात गेले. जानेवारी २०२२ मध्ये अटलांटिकमध्ये ‘माद्रिद ब्रिज’वरचे डबे कोसळले, त्यात दोन नव्या पाककृतीच्या पुस्तकांच्या प्रती होत्या आणि त्यांचं प्रकाशन पुढे ढकलावं लागलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘टोकियो एक्सप्रेस’वरून ६२ कंटेनर पडले आणि एकातले लेगोचे तुकडे आजही इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागतात. त्यात प्लॅस्टिकचे काळे ऑक्टोपस आणि ड्रॅगनही आहेत, म्हणजे क्राकेनचा पुरावा हवा असेल तर तो असा आहे. पुस्तकाच्या बाबतीत ही करमणूकही नाही. आर्ट पेपर भिजला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की वाळल्यावर हातात वीट उरते, आणि ती किनाऱ्याला लागत नाही, तळाला जाते.

पण वर्षाला जगभर साधारण २५ कोटी कंटेनर हलतात. त्यातले समुद्रात पडतात ते बहुतेक वर्षी शेकड्यांत, फार वाईट वर्षी काही हजार. आणि डबा खरंच बुडाला तर त्याची बातमी प्रकाशकाला विमा कंपनीच्या कागदांतून लवकर कळते. चार महिने गप्प बसायची वेळ येत नाही.

बर्म्युडा ट्रँगलवाल्यांसाठी एक खुलासा. जहाज इंटरनेटवरच्या, जहाजं दाखवणाऱ्या फुकटच्या नकाशावरून गायब होतं ते बुडालं म्हणून नव्हे. एआयएसचे, म्हणजे जहाज आपला ठावठिकाणा कळवतं त्या यंत्रणेचे, संकेत किनाऱ्यावरचे रिसीव्हर पकडतात आणि त्यांची पोच साधारण ४०-५० सागरी मैल. पुढे उपग्रह लागतो आणि उपग्रहाला पैसे लागतात. प्रशांत महासागराच्या मध्यावर जहाज ‘नाहीसं’ होणं हे ते ठरल्या मार्गावर असल्याचंच लक्षण.

खरी गंमत अशी की या सगळ्या प्रवासात समुद्र हाच त्यातल्या त्यात वक्तशीर. यानतियान ते लॉस एंजेलिस दोन ते अडीच आठवडे. पनामामार्गे अमेरिकेचा पूर्व किनारा महिना-सव्वा महिना. सुवेझमार्गे युरोपही साधारण तितकंच. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हा बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्याचे दहा ते चौदा दिवस वाढवा. तरी चार महिने होत नाहीत. उरलेले दिवस कुठं जातात, हा विचारायचा प्रश्न.

हिशेब मांडू. ए४ आकार, ३२० पानं, १२८ जीएसएमचा (चौरस मीटरला १२८ ग्रॅम) आर्ट पेपर, तीन मिलिमीटरचा पुठ्ठा. नुसता कागद पावणेतेराशे ग्रॅम भरतो, बांधणीसकट पुस्तक दीड किलोच्या थोडं वर. खोक्यात आठ प्रती, म्हणजे साडेबारा किलो, एका माणसाला उचलता येईल इतपत. छोट्या प्रकाशकाच्या २,००० प्रती म्हणजे २५० खोकी, तीन टनांच्या वर वजन, पण जागा फार तर चार घनमीटर. वीस फुटी कंटेनरमध्ये मावतात ३३ घनमीटर. म्हणजे तुम्ही ज्याला ‘आपलं जहाज’ म्हणता, त्यातल्या सगळ्यात लहान डब्याचा आठवा हिस्सा आपला.

आख्खा डबा घेणं परवडत नाही, म्हणून माल एलसीएलने जातो, इतरांच्या मालाबरोबर वाटून. फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा दलाल, तुमची खोकी आपल्या गोदामात ठेवतो आणि उरलेले सात हिस्से भरायची वाट बघतो. कुणाच्या बागेतल्या खुर्च्या यायच्यात, कुणाचे कुत्र्यांचे पट्टे. खुर्चीवाल्याचे कागद चुकले की तुमचा जादूगार खुर्चीशेजारी बसून राहतो. पलीकडच्या बंदरातही तेच. डबा उतरला, की तो सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडायच्या गोदामात, नेऊन उघडायचा, माल वेगळा करायचा, प्रत्येकाची सुटका वेगळी. कस्टमने एका हिश्श्यावर संशय घेतला की पूर्ण डबा एक्स-रेला जातो, आणि त्यातही शंका राहिली तर आख्खा रिकामा करून तपासतात. खर्च डब्यातले सगळे आयातदार वाटून घेतात. त्यामुळे कस्टमचे साहेब पुस्तक वाचत बसलेत हा तर्क तुमच्या तर्कांमध्ये सत्याच्या सगळ्यात जवळ जातो. फक्त ते तुमचं पुस्तक बघत नसतात, शेजारच्या खुर्च्या बघत असतात.

त्याआधी ‘माल निघाला’ या वाक्याचं काय? शिंपी ‘फक्त काजं-बटणं राहिलीत’ म्हणतो, त्या जातीचं हे वाक्य. माल कारखान्यातून निघाला की फॉरवर्डरच्या गोदामातून, की जहाजात चढला, की जहाज सुटलं? चारही प्रसंगांना छापखाना ‘शिप्ड’ म्हणतो आणि प्रकाशक भाबडेपणाने तेच पुढे कळवतो. पहिल्या आणि चौथ्यात तीन-चार आठवडे सहज असतात.

आणि छापखान्यातून निघणं हीच मुळात मोठी गोष्ट. ३२० पानांचे सोळा-सोळा पानी वीस फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचे जुडगे. ते छापायचे, घडी घालायची, क्रमाने जुळवायचे, दोऱ्याने शिवायचे, सरसाने पाठ धरायची, पुठ्ठा चढवायचा, रिबीन लावायची. वीसपैकी एका फॉर्मचा काळा रंग फिका आला तरी एकोणीस तयार फॉर्म थांबतात. कव्हरवर सोनेरी फॉइल आणि स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच चकाकी देणारा लेप) दोन्ही मागितलं असेल, तर यंत्रावर दोन वेगळ्या फेऱ्या लागतात आणि दोघांचे ठसे एक मिलिमीटर सरकले तरी चमकणारी तलवार आपल्या बाह्यरेषेबाहेर चमकते. क्राउडफंडिंगमध्ये जास्तीचे पैसे जमले म्हणून बक्षीस म्हणून वाढवलेल्या गोष्टी बहुधा नेमक्या याच असतात. माझं स्पष्ट मत आहे की निम्मा उशीर लोकांनी टाळ्या वाजवून मागून घेतलेला असतो.

यात चिनी नववर्ष येतं. कागदावर सुटी आठवड्याची, पण कामगार गावी जायला आधीच निघतात आणि नंतरही सगळे एकदम परतत नाहीत, त्यामुळे कारखाना दोन ते चार आठवडे नीट चालत नाही. तारीखही दर वर्षी हलते: २०२५ मध्ये २९ जानेवारी, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी. सुटीच्या आत माल बाहेर काढायला सगळी दुनिया धावते, जहाजात जागा उरत नाही, आणि तुमचा हिस्सा पुढच्या जहाजावर ढकलला जातो. याला धंद्यात ‘रोल होणं’ म्हणतात. फाशांच्या खेळाचं पुस्तक रोल झालं यावर हसायचं असेल तर हसून घ्या, प्रकाशकासमोर नको.

जहाजच दोषी ठरावं अशी उदाहरणंही आहेत, नाही असं नाही. ‘एव्हर गिव्हन’ २३ मार्चला रुतलं, २९ ला सुटलं. सहा दिवस. पण नुकसानभरपाईच्या वादात इजिप्तने ते ७ जुलैपर्यंत ग्रेट बिटर सरोवरात अडवून ठेवलं. त्यात मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं. हा दर्यावर्दी व्यापाराचा फार जुना रिवाज आहे: जहाज वाचवायला आलेला खर्च त्यावरच्या मालाच्या मालकांनीही किमतीच्या प्रमाणात उचलायचा, आणि हमी भरल्याशिवाय माल हातात मिळत नाही. विमा नसलेल्या माणसाला हा भुर्दंड रोख पडतो. त्याच वर्षी मेअखेर ते २४ जून यानतियान कोविडमुळे अर्धवट चाललं, आणि जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस-लाँग बीचसाठी शंभराहून जास्त जहाजं रांगेत होती. त्या काळात उशीर झाला असेल तर प्रकाशकाला माफ करा. आता ‘जगभरचं शिपिंग बिघडलंय’ एवढंच मोघम सांगत असेल तर लगेच करू नका.

मग विचारायचं काय? ‘कधी येणार’ हे विचारू नका, त्याला ते माहीत नसतं. कंटेनर नंबर विचारा. चार अक्षरं, त्यातलं शेवटचं ‘यू’, मग सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. तो शिपिंग कंपनीच्या ट्रॅकिंगवर टाका. ‘गेट इन’, ‘लोडेड’, ‘डिस्चार्ज्ड’, ‘गेट आउट’ हे टप्पे तारखांसह दिसतात. मधे सिंगापूर किंवा मलेशियाचं पोर्ट क्लांग दिसलं तर घाबरू नका, तिथं जहाज बदलतं, पण पुढचं जहाज चुकलं तर आठवडा जातो. जहाजाचं नाव तेवढं दिलं आणि नंबर दिला नाही, तर ते नाव बुकिंगचं आहे, त्यात माल चढलाय याचा तो पुरावा नव्हे. एलसीएलमध्ये डबा भरेपर्यंत नंबर नसतोच, त्यामुळे ‘नंबर अजून मिळाला नाही’ याचा सरळ अर्थ खोकी गोदामात आहेत.

अमेरिकेत पोचल्यावरही वाट संपत नाही. गोदामात पुस्तकं येतात, पण फासे दुसऱ्या कारखान्याचे, डंजन मास्टरने समोर उभा करायचा पडदा तिसऱ्याचा. सगळं आल्याशिवाय पाकिटं भरायला घेत नाहीत, कारण दोनदा पाठवायचं टपाल प्रकाशकाच्या खिशातून जातं. पुस्तकाची आठवडेन् आठवडे राखण करणारी वस्तू बहुधा एक फाशांची पिशवी असते.

आता पुण्या-मुंबईच्या पत्त्याचं. भारतातली पाकिटं बहुधा ब्रिटनमधल्या किंवा आशियातल्या एखाद्या गोदामातून सुटतात. ब्रिटनमधून असेल तर तुमचं पुस्तक चीनहून जाताना हिंदी महासागर ओलांडून गेलेलं असतं आणि विमानाने मागे येतं. टपालाचं स्मॉल पॅकेट २ किलोपर्यंत. नुसतं पुस्तक त्यात बसतं, फाशांची पेटी घातली की पार्सल होतं, दर वेगळा. पाकिटावरच्या कस्टमच्या कागदावर ‘गेम’ लिहू नका म्हणून आधीच कळवा, ‘छापील पुस्तक’ आणि एचएस कोड (कस्टमचा वस्तूंचा क्रमांक) ४९०१ लिहायला सांगा. २०१९ च्या अर्थसंकल्पात पुस्तकांवर ५ टक्के ड्युटी आली, पण खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेली, शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं. पुस्तकाला खेळणं समजलं गेलं तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमध्ये त्याचा मुक्काम लांबतो. ‘गिफ्ट’ लिहूनही उपयोग नाही, ५,००० रुपयांपर्यंतची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं वगळून. कुरिअरने येत असेल तर केवायसीचा संदेश येतो, तो फसवणुकीसारखा दिसतो म्हणून लोक पुसून टाकतात आणि पार्सल परत जातं. लिंकवर टिचकी न मारता कुरिअरच्या मूळ साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकून खात्री करा.

पार्सल आलं की आधी खोक्याचे चारही कोपरे बघा, उघडताना फोटो काढा. कोपरा दबलेला असेल तर बदली मागायची मुदत बहुतेक प्रकाशक मोजकीच देतात. पुठ्ठा किंचित वाकलेला असेल तर तो बांधणीचा दोष असेलच असं नाही. कंटेनरच्या आत दिवसरात्रीच्या फरकाने घाम धरतो, पुठ्ठा ओल पितो. पंखा बंद असलेल्या कोरड्या खोलीत, सपाट, वर दोन जाड पुस्तकं ठेवून आठवडाभर राहू द्या. तोवर खेळायचं असेल तर पीडीएफ आहेच, आणि तिच्यात एव्हाना चुकांची दुरुस्तीही झालेली असेल, जी छापील प्रतीत नाही.