झिरोला जाताय? आधी पोटीनच्या पुढचं ऐका

"नाहरलगुन ते झिरो? चार तास." नाहरलगुन म्हणजे इटानगरजवळचं रेल्वे स्टेशन, आणि हे वाक्य मला जायच्या आधी पाच जणांनी सांगितलं. त्यातला एक तर "आरामात चार" म्हणाला होता. त्या पाचही जणांना माझं एकच निमंत्रण आहे: एकदा सुमोच्या मागच्या आडव्या सीटवर माझ्याशेजारी बसून या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. आम्हाला लागले दहा तास चाळीस मिनिटं. एवढ्या वेळात पुण्याहून कोल्हापूरला जाऊन, तांबडा-पांढरा ओरपून परत घरी येता येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अरुणाचलमधल्या झिरो खोऱ्यात सप्टेंबरच्या शेवटी चार दिवसांचा संगीत महोत्सव भरतो. २०१२ साली सुरू झाला. भातखाचरांच्या मधोमध बांबूची दोन स्टेजेस, एक दिवसाचं, एक रात्रीचं. सोनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडचे ली रानाल्डो आणि स्टीव्ह शेली इथं येऊन वाजवून गेलेत, आणि ईशान्येचे जे बँड आपल्याला पुण्या-मुंबईत कधी ऐकायला मिळत नाहीत ते इथं मिळतात. मी नागालँडच्या एका चौघांच्या बँडसाठी गेलो होतो. तीन वर्षं त्यांची गाणी हेडफोनवर ऐकतोय, एकदा समोर ऐकायची होती.

रेनकोट, हेडटॉर्च, कोरडे मोजे वगैरे सांगत बसत नाही. पाठीवर बारा किलो घेऊन चिखलात तासभर चालता येत नसेल तर हा महोत्सव तुमच्यासाठी नाही, घरी बसून व्हिडिओ बघा. इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलमध्ये शिरायचा सरकारी परवाना, मात्र निघायच्या आधी ऑनलाइन काढा आणि दोन प्रिंट जवळ ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणून भागत नाही, कारण नेमकं तपासणीच्या वेळी मोबाइल मेलेला असतो. माझा मेला होता.

आम्ही विमानाने गुवाहाटी आणि तिथून रात्रीच्या डोनी पोलो एक्सप्रेसने नाहरलगुन असे गेलो. गाडी उत्तम, पहाटे सोडते. २०२२ पासून इटानगरजवळ होलोंगीला विमानतळही झालाय, पैसे असतील तर थेट तिथं उतरा. पण विमानाने या, रेल्वेने या, नाहीतर आसामातून लखीमपूर-किमिनकडून या, वाटेतल्या पोटीन-याझाली गावांचा रस्ता कुणालाही चुकत नाही.

त्याआधी चुना लावून घेण्याचा कार्यक्रम असतो. स्टेशनबाहेर पडलात की "झिरो, झिरो" ओरडणारे लोक तुमच्या पाठीवरची गिटार बघूनच भाव ठरवतात. आमच्याकडून सीटमागे दीड हजार घेतले. सुमोच्या काउंटरवर त्याच दिवशी त्याच प्रवासाचे पाचशे होते, हे आम्हाला गाडीत बसल्यावर शेजारच्या मुलाकडून कळलं. तो गुवाहाटीचा, पाचशे देऊन बसलेला, आणि त्याला खिडकीही मिळाली होती. वाद घातला तर ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "भैया, फेस्टिवल है." तेव्हा स्टेशनवर कुणाचंही ऐकू नका, गावातल्या काउंटरवर जा, पावती घ्या आणि मधली रांग मागा. मधल्या रांगेसाठी भांडावं लागलं तरी भांडा. मागची सीट म्हणजे दोन फळ्या समोरासमोर, चार माणसं, आठ गुडघे.

पोटीनपर्यंत रस्ता ठीक. मी तर मनातल्या मनात त्या पाच जणांची माफीही मागितली होती. पुढे रुंदीकरणासाठी डोंगर कापलाय, आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता. कापलेला डोंगर आणि पाऊस यांचं काय होतं हे वरंधा घाट पाहिलेल्यांना सांगायला नको. चिखल म्हणजे आपल्याकडचा पावसाळी रस्त्याचा चिखल नव्हे. लाल, लोण्यासारखा, चाकाच्या निम्म्यापर्यंत. गाडी पुढे जाण्याऐवजी बाजूला जाते. बाजूला दरी, तळाशी नदी. तीन वेळा उतरून ढकलली. तिसऱ्या वेळी माझा उजवा बूट चिखलाने ठेवून घेतला तो घेतलाच. याझालीच्या अलीकडे दरड पडून सगळं ठप्प झालं. पुढे चाळीसेक गाड्या, एक जेसीबी, आणि जेसीबीचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. साडेतीन तास.

या साडेतीन तासांत जे झालं त्यासाठी माझा अजूनही जीव अडकतो, पण म्हणून रस्त्याला माफी नाही.

गाडीत आम्ही दहा जण. गिरगावचे एक काका होते, साठीचे, एकटे आलेले. वेळ जावा म्हणून कुणीतरी खेळ काढला: प्रत्येकाने एक अल्बम आणि एक कॉन्सर्ट सांगायची, एकच. काकांनी घसा खाकरला आणि मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या रंगमंचापासून सुरुवात केली. १९८६ साली तिथं इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला तेव्हा काका विशीत होते, पावसात, छत्रीशिवाय. रॉक मशीन नावाचा बँड स्वतःची गाणी वाजवतो म्हणून लोक ओरडायचे, कारण तोवर पोरांना फक्त बाहेरच्यांच्या नकला हव्या असायच्या. "महेश तिनईकर गिटारवर सोलो घ्यायचा तेव्हा आम्ही मराठी पोरं उगाच जास्त ओरडायचो," काका म्हणाले, "नाव आपल्यातलं वाटायचं ना!" पुढे त्याच बँडचा इंडस क्रीड झाला, शेजारी इस्पितळं आणि कॉलेज म्हणून शांतता क्षेत्र आलं आणि रंगभवनचा आवाज बंद पडला. काका त्यावरून अजून चिडलेले आहेत. आपली कॉन्सर्ट सांगता सांगता त्यांनी चार सांगितल्या, कुणी टोकलं नाही.

माझा मित्र मेटलवाला. त्याचं ठरलेलं उत्तर: १७ मार्च २००७, बेंगळुरूचं पॅलेस ग्राउंड, आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड. स्वारगेटहून रात्रीची एसटी, तिकिटाचे पैसे आईला गॅदरिंगचे म्हणून सांगितलेले. ही गोष्ट मी सतरा वर्षांत निदान पन्नास वेळा ऐकलीय. दरवेळी मैदानावरची धूळ थोडी वाढते.

गुवाहाटीच्या मुलाने शिलाँगचा ब्लूज बँड सोलमेट सांगितला आणि मग आम्हा सगळ्यांची शाळा घेतली. लू मजाव माहीत आहे का? १९७२ पासून दर २४ मेला शिलाँगमध्ये बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करतो तो माणूस. गुरू रेवबेन माशांग्वा? मणिपूरचे तांगखुल नागा, लोकगीतं आणि ब्लूज एकत्र बांधतात, २०२१ साली पद्मश्री मिळाली. गाडीतल्या आम्हा सहा महाराष्ट्रीयांपैकी एकाने हे नाव ऐकलं होतं. तो एक मी नव्हतो.

मी 'कंडिसा' सांगितला. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा अल्बम, २०००. आमच्याकडे कॅसेट होती, बी साइड घासून गेलेली. त्यातलं शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, पण आमच्या घरी आजीला आवडायचं ते 'मा रेवा', नर्मदेचं. २००९ च्या नाताळात त्यांचा गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती गेला. त्यानंतरही बँड चांगला वाजवतो, पण मी समोर उभा राहून पहिल्यांदा त्याची जागा बघतो, मग ऐकतो. असं म्हटल्यावर गाडीत जरा शांतता झाली आणि काकांनी बॉनेटवर ठेका धरला. नदी तीच नव्हती, पण खाली नदी होती. आम्ही 'मा रेवा' म्हटलं, निम्मे शब्द चुकीचे. दुसऱ्या कडव्यात ड्रायव्हर आला आणि म्हणाला, बॉनेट ठोकू नका, आधीच पोचा आहे.

मग त्यानेही खेळात भाग घेतला. डिसेंबर २००७, शिलाँग, जर्मन रॉक बँड स्कॉर्पियन्स. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, मित्रांना सुमोत भरून घेऊन गेला होता, परतीच्या डिझेलला पैसे उरले नव्हते म्हणून दोन दिवस तिथंच कुणाच्या तरी दुकानात माल उतरवला. दिवसभर त्याच्या पेनड्राइव्हवर तीच अकरा गाणी का फिरत होती ते तेव्हा कळलं. माझे हजार रुपये त्याने जास्त घेतले होते हे मी विसरलो नव्हतो, पण पुन्हा काढलंही नाही.

पोचलो सहाला. आणि इथं सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: घड्याळ आपलंच, पण सूर्य त्यांचा. सप्टेंबरअखेर पाचच्या सुमाराला मावळतो, सहाला गुडूप अंधार. दिवसाचं स्टेज केव्हाच आवरलेलं. नागालँडचे ते चौघे दुपारी दोनला वेळेवर वाजवून मोकळे झाले होते. एक मुलगी मला उत्साहाने सांगत होती की तिनं आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. मी एका पायात बूट आणि दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी घालून ते ऐकत होतो. म्हणून पहिल्या दिवशी पोचायचा हट्ट करू नका. आदल्या दिवशी झिरोत असायलाच हवं, मग एक दिवसाची सुट्टी जास्त गेली तरी जाऊ दे.

तंबूवाल्याने "स्टेजपासून पाच मिनिटं" सांगितलं होतं. पाच मिनिटं खाचरातल्या बगळ्यांना लागत असतील. आम्हाला बांधांवरून, अंधारात, पस्तीस. बुकिंग करताना नकाशावर नेमकी जागा मागा, देत नसेल तर दुसरा बघा. आणि तंबूऐवजी हापोली या झिरोच्या बाजारगावात किंवा आजूबाजूच्या, आपातानी या स्थानिक जमातीच्या गावांत घरी राहायची सोय मिळत असेल तर डोळे मिटून ती घ्या. चुलीजवळ बूट वाळतात. तंबूत काहीही वाळत नाही, माणूससुद्धा. हापोलीच्या बाजारात पोचल्या पोचल्या गमबूट घ्या. दहा नंबरचे किंवा त्यावरचे पाय असतील तर घरूनच आणा, मी चार दुकानं फिरून नऊमध्ये दहा कोंबले.

दुसरा आणि तिसरा दिवस छान गेला. ऊन पडलं, भात पिवळा होता, खाचरातल्या पाण्यात मासे होते, पंधरा-सोळा बँड ऐकले. फोटो सगळ्यांनी टाकलेत, ते बघा. खाण्यात धुरावलेलं डुकराचं मांस आणि बांबूचे कोंब एक नंबर. शाकाहारी मंडळींनी शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी, नाहीतर चार दिवस मॅगी. तांदळाची बिअर बांबूच्या पेल्यात देतात आणि ताकासारखी लागते. ती ताक नाही. काकांनी तिसऱ्या पेल्यानंतर रात्रीच्या स्टेजसमोर मित्राच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं की रंगभवननंतर एवढी मोकळी हवा त्यांना आज मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते दिसले नाहीत.

परतीला शेवटच्या दिवशी निघू नका, सगळं जग त्याच सकाळी निघतं. आम्ही एक दिवस थांबलो आणि हापोलीच्या काउंटरवर गेलो. पावती पाचशेची. गाडीजवळ बघतो तर तोच ड्रायव्हर. त्याने मला ओळखलं, माझे नवे गमबूट बघून हसला आणि न मागता पुढची सीट दिली. पेनड्राइव्ह तोच, गाणी तीच. याझाली आलं तेव्हा सातवं चालू होतं. दोन दिवस ऊन पडल्यामुळे चिखल वाळून कडक झाला होता, दरडीच्या जागी जेसीबी तेवढा उभा होता. नाहरलगुनला पोचायला साडेपाच तास लागले. चार नाहीच.