आमची वाटचाल : खिशातल्या डायरीपासून एक्सेलच्या तक्त्यापर्यंत

सांगली-मिरज भागात आम्ही बंगले आणि छोट्या इमारती बांधतो. सुरुवात मजुरीच्या ठेक्यांनी झाली, पुढे मटेरियलसह कामं मिळू लागली. वेळापत्रक मात्र माझ्या डायरीतच असायचं. साइट वाढल्या, तसं "स्लॅब कधी?" विचारणारा घरमालक आणि "प्लेटा कुठे उतरवू?" विचारणारा, स्लॅबचा साचा उभारणारा सेंट्रिंगवाला एकाच सकाळी फोन करायला लागले. ऑफिस माझी पत्नी सांभाळते. तिनेच एक्सेलचा टेम्प्लेट आणला.

तिने आधी तारखा भरूच दिल्या नाहीत. पहिली कामाची उतरंड. ३ म्हणजे तळमजल्याचा सांगाडा, ३.०१ कॉलम, ३.०२ स्लॅब. स्लॅबच्या पोटात सेंट्रिंग, सळई बांधणं, वायरिंगचे पाइप, काँक्रीट, क्युरिंग म्हणजे काँक्रीटला पाणी मारणं, आणि शेवटी खालचे टेकू काढणं. क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा, नाहीतर ३.१० लिहिलं की एक्सेल त्याचं ३.१ करतं. आणि टेक्स्ट केलं की क्रमवारी लावताना ३.१० हे ३.२ च्या आधी जाऊन बसतं, म्हणून ३.०२ असे दोन अंक.

नुसतं नाव आत सरकवून एक्सेलला पोटकाम कळत नाही. ओळी निवडून शिफ्ट-ऑल्ट धरून उजवा बाण दाबला की गट होतो. असे आठ स्तर करता येतात. आम्हाला चार पुरतात. मुख्य ओळ वर हवी असेल, तर आउटलाइनच्या सेटिंगमध्ये 'बेरीज खाली' ही खूण काढावी लागते.

तारखा फक्त सगळ्यात खालच्या कामांना. वरच्या ओळीत पोटकामांची सर्वात आधीची सुरुवात आणि सर्वात उशिराचा शेवट सूत्राने येतो, तिथे हाताने काहीही लिहायचं नाही. या नियमावर मी फार ठाम आहे. वरची तारीख हाताने लिहिली की तक्ता खालच्या कामांशी संबंध नसलेलं सांगायला लागतो, आणि मग त्यावर कुणी विसंबू नये.

गवंडीकामाला 'वर्कडे डॉट इंटल' (WORKDAY.INTL) हे सुट्ट्या वगळून तारीख काढणारं सूत्र लावतो. त्यात आठवडी सुट्टीचा वार निवडता येतो. सुट्टी रविवारी असेल तर ११ हा आकडा टाकायचा, शुक्रवारी असेल तर १६. गणपती-दिवाळीची वेगळी यादी जोडलेली असते. क्युरिंगला मात्र हे सूत्र चालत नाही, पाणी सुट्टीच्या दिवशीही मारावंच लागतं. काँक्रीटकामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेल्याला १०. टेकूंचं गणित वेगळं. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. सहा मीटरपेक्षा लांब बीमखाली २१. हे सगळे सलग दिवस.

घरमालकाला आम्ही फक्त वरचे दोन स्तर छापून देतो. गृहकर्जाचे हप्ते जोतं, स्लॅब असे टप्प्याटप्प्याने सुटतात, त्यामुळे त्यांचं बँकेचं नियोजनही त्याच कागदावर होतं. मिस्त्रींना पूर्ण उघडलेला तक्ता जातो. बाथरूमला फरशीआधी पाणी भरून गळती तपासायची ओळ त्यांनीच घालायला लावली.

नव्या साइटला आता जुनाच तक्ता कॉपी करतो. टेरेसचं वॉटरप्रूफिंग त्यात अजून एकाच ओळीत आहे. उतार, कोबा, पाणी-चाचणी अशी त्याची पोटकामं पावसाळ्याआधी मांडायची आहेत.