बारा हॉर्सपॉवरचं कोलर इंजिन घरी बांधताना

छोटं इंजिन घरी बांधलं म्हटलं की लोक पान्यांबद्दल विचारतात. सॉकेट सेट कुठला, पुलर कुठून आणला, टॉर्क रेंच लागतो का. पाने माझ्या हातात फार थोडा वेळ होते. इंजिन खोलणं आणि परत बसवणं ही दोन्ही कामं भराभर होतात. मधला सगळा काळ गेला मायक्रोमीटर, फीलर गेज आणि वही यांच्या संगतीत, आणि खिशाला किती चाट बसणार हेही तिथंच ठरलं.

आधी ट्रॅक्टरबद्दल. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की नांगर डोळ्यांपुढे येतो. हा तसला नव्हे. अमेरिकेत घराभोवती एकर-दोन एकर गवत असलं की लोक गार्डन ट्रॅक्टर ठेवतात. उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायचं डेक, हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायचं पातं. मी ओहायोत डेटनच्या बाहेर राहतो. माझ्याकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १२८ आहे. हे मॉडेल १९७१ ते १९७४ या काळात केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात बनत होतं. त्यावर कोलर कंपनीचं के-३०१ इंजिन असतं. एकच सिलिंडर, बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ३.३७५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.२५ इंच, म्हणजे साधारण ४७६ सीसी, आणि ३६०० आरपीएमला १२ हॉर्सपॉवर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या कडेला ब्लॉकमध्येच उभे आहेत. हेड म्हणजे नुसतं पंख असलेलं झाकण.

दुखणं उघड होतं. निळा धूर, तेलानं भिजलेला प्लग, ब्रीदरमधून (क्रँककेसच्या श्वासनळीतून) ऑइलचे फवारे, आणि चढावर लोड आला की पोटातून ठकठक. तरी खोलण्याआधी निदान पक्कं करावं म्हणून मी कॉम्प्रेशन गेजकडे हात नेला, आणि इथं हे इंजिन भल्याभल्यांना फसवतं. स्टार्टरला सोपं जावं म्हणून याच्या कॅमशाफ्टवर एक छोटं वजन आणि जीभ बसवलेली असते. साधारण ६५० आरपीएमच्या खाली ती जीभ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. त्यामुळे इंजिन नवंकोरं असलं तरी स्टार्टरवर फिरवताना गेज कमीच दाखवणार. खरी परीक्षा हवेची. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, क्रँक घट्ट धरायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ब्रीदरमधून आली तर पिस्टनच्या रिंगा. माझ्याकडे ब्रीदरमधून वाराच सुटला.

खोलण्यातला वैताग एकच, आणि तो म्हणजे गवताच्या डेकला ताकद देणारा पुढचा पीटीओ क्लच. तो क्रँकच्या टोकावर तीन जागी सेट-स्क्रूनं धरलेला असतो. काही मशिनांत एका स्क्रूच्या खाली त्याच भोकात दुसरा स्क्रू असतो. वरचा काढून लोक पुलर लावतात, क्लच हलत नाही, मग हातोडी निघते. आत बॅटरीचा उजेड पाडून बघितल्याशिवाय जोर लावू नये. फ्लायव्हीलचंही तसंच. क्रँकच्या निमुळत्या टेपरवर बसलेलं ते ओतीव चाक पुलरनंच निघतं. क्रँकच्या तोंडावर घण घातला तर चाक निघेलही, पण क्रँक जाईल.

पिस्टन बाहेर आला आणि मोजमाप सुरू झालं.

बोअर मोजायचा तर एका ठिकाणी मोजून भागत नाही. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे क्रँकच्या समांतर आणि क्रँकला आडवं. झीज सगळीकडे सारखी नसते. वरची रिंग जिथं थांबून उलटी फिरते तिथं ऑइल सगळ्यात कमी आणि दाब सगळ्यात जास्त, त्यामुळे बोअर तिथंच सर्वाधिक खातो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टनला ज्या भिंतीकडे रेटतो, ती भिंत जास्त झिजते. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे ३.३७८ पर्यंत चालतं. माझा वरच्या बाजूला ३.३८२ निघाला, म्हणजे मूळ मापापेक्षा सात थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठा, आणि खाली जवळजवळ मूळ मापाचा. एअर फिल्टरच्या बाजूनं कित्येक उन्हाळे धूळ आत गेली असणार.

क्रँकपिनची, म्हणजे रॉड ज्यावर फिरतो त्या क्रँकच्या खुंटाची, मला अधिक धास्ती होती. या इंजिनात कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यात वेगळं बेअरिंगच नाही. रॉडचं ॲल्युमिनियम थेट क्रँकच्या पोलादावर फिरतं. ऑइल पंपही नाही. रॉडच्या टोपीला खाली एक जीभ असते, ती प्रत्येक फेऱ्याला ऑइलमध्ये बुडते आणि चौफेर उडवते. ऑइल थोडं कमी पडलं की पहिली झळ इथं बसते. पिन मुळात १.५०० इंचाची, आणि गोलाईतला फरक अर्ध्या थाऊच्या आत हवा. माझी एका दिशेनं १.४९८ आणि दुसऱ्या दिशेनं १.४९६५. ठकठक कुठून येत होती ते कळलं.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आमचं गाव पलूसच्या बाजूला, किर्लोस्करवाडी तिथून जवळ. विहिरीवरचं डिझेल इंजिन अण्णांनी कितीदा उतरवलं आणि चढवलं असेल, त्याची मोजदाद घरात कुणाकडे नाही. मी आकडे वाचून दाखवले.

“अण्णा, बोअर दहा थाऊनं मोठा करून घ्यावा म्हणतोय. पहिला ओव्हरसाइज तोच मिळतोय.”

“सात तर आधीच गेल्यात न्हवं? मग दहात राहतंय काय? तीन थाऊ. दोन्ही भितींस्नी दीड-दीड. एका अंगाला जास्त खाल्लं असलं तर तिकडं हत्यार लागायचंच न्हाई.”

“म्हणजे वीस?”

“वीस घे. आन् पिस्टन हातात आल्याबिगर बोअर करू नगोस. पिस्टन लेथवाल्याच्या टेबलावर ठेव आन् म्हण, ह्याच्या मापानं कर.”

ओव्हरसाइज पिस्टन १०, २० आणि ३० थाऊचे मिळतात. मी २०चा मागवला, आणि रॉड १० थाऊ अंडरसाइजचा, म्हणजे पिन घासून १.४९० वर आणली की तो बरोबर बसेल. पन्नास वर्षं जुन्या इंजिनाचे भाग इतक्या सहज मिळतात याचं एक कारण म्हणजे गार्डन ट्रॅक्टर पुलिंग. गावोगावच्या जत्रांमध्ये हे छोटे ट्रॅक्टर वजनाची गाडी ओढायच्या शर्यतीत उतरतात, आणि त्या मंडळींचं के-सिरीजच्या लोखंडी ब्लॉकवर फार प्रेम. त्यांच्यामुळे बाजार जिवंत आहे. मात्र भाग मिळतो म्हणून तो मापात असतोच असं नाही. नवा रॉडसुद्धा टोपी टॉर्कवर कसून आतून मोजावा आणि मगच क्रँक ग्राइंडिंगला द्यावा.

एक सिलिंडर म्हटल्यावर बरीच मशीन शॉप हात वर करतात. त्यांचं गणित ट्रकच्या सहा सिलिंडरवर चालतं. शेवटी एक म्हातारबाबा भेटले. त्यांनी पिस्टन मोजला, रॉड मोजला, माझी वही शांतपणे वाचली आणि पुन्हा सगळं स्वतः मोजलं. ते मला फार आवडलं. बोअरिंग आणि ग्राइंडिंगचं बिल मात्र ट्रॅक्टरच्या खरेदीच्या किमतीच्या वर गेलं.

ब्लॉक परत आला की तो धुण्याचं काम कुणी हलक्यात घेऊ नये. होनिंगनं, म्हणजे बोअर दगडानं घासून, भिंतीवर आडव्या-तिडव्या बारीक रेघा येतात, त्यांत ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. पण त्याच रेघांत दगडाचा चुरा अडकलेला असतो. रॉकेलनं किंवा पेट्रोलनं पुसलं की वरचं तेल जातं आणि चुरा तिथंच राहतो. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश घेऊन, पांढरं फडकं फिरवलं तरी ते पांढरंच राहील इतकं घासायचं. लगेच कोरडं करून ऑइल लावायचं, नाहीतर ताजं लोखंड बघता बघता तांबडं पडतं. घरातले टॉवेल आतल्या मजल्यावर आणि ब्लॉक गॅरेजमध्ये अशी व्यवस्था आमच्याकडे आधीच लेखी झाली होती.

आता बॅलन्स गिअर. या मालिकेतल्या काही इंजिनांत क्रँककेसमध्ये दोन वजनदार गिअर असतात. एका सिलिंडरचा थरथराट कमी करणं हे त्यांचं काम. त्यांच्या सुया-बेअरिंगला वय झालं आणि एखादा गिअर सुटला, तर तो ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येऊ शकतो. म्हणून बांधणारे पुष्कळ जण ते काढूनच टाकतात. माझे गिअर हलत नव्हते, आवाजही नव्हता. तरी मी काढले. थोडा थरथराट हातांना सोसेल, ब्लॉक पुन्हा मिळणार नाही. ज्यांना मूळ रूप जपायचं आहे त्यांनी निदान बेअरिंग तरी बदलावीत. गिअर ठेवले तर क्रँकशी त्यांचं टायमिंग जुळवावं लागतं, ते वेगळंच.

व्हॉल्व्हचं काम मला सगळ्यात सुखाचं वाटलं. पेस्ट लावून सक्शन कपाच्या काठीनं सीटवर घासत राहायचं, अखंड करडी पट्टी दिसेपर्यंत. घासल्यावर व्हॉल्व्ह किंचित खाली बसतो, त्यामुळे तो आणि त्याला खालून उचलणारा टॅपेट यांच्यातलं अंतर कमी होतं. के-३०१ मध्ये टॅपेटला ॲडजस्टिंग स्क्रू आहे, ही मोठी सोय. थंड इंजिनावर इनटेकला ८ ते १० थाऊ, एक्झॉस्टला १७ ते २०. एक्झॉस्ट तापून लांबतो म्हणून त्याला जागा जास्त. हेड वाकलं होतं. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून ते आठाच्या आकड्यात फिरवत बसलो, सगळा पृष्ठभाग एकसारखा चमकेपर्यंत.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग रिकाम्या बोअरमध्ये सोडायची, पिस्टनच्या डोक्यानं सरळ खाली ढकलायची आणि टोकांमधली फट मोजायची. नव्या बोअरला १० ते २० थाऊ. फट कमी असली तर रिंग तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि मग रिंग मोडते किंवा भिंत ओरबाडते. माझी वरची रिंग नऊवर होती. बारीक कानशीचे चार हात मारले, बारावर आली.

जोडणीत क्रम महत्त्वाचा. ब्लॉक उलटा ठेवायचा, टॅपेट आधी घालायचे, मग क्रँक आणि कॅम. कॅम गिअरवरची खूण क्रँकच्या खुणेच्या दातासमोर आणायची. रॉड आणि टोपीवरच्या खुणा एकमेकींसमोर आणि तोंड फ्लायव्हीलकडे. रॉडच्या बोल्टचा टॉर्क जुन्या पद्धतीच्या स्क्रूला वेगळा आणि नव्या नटांना वेगळा, तेव्हा आपल्या हातात कुठला रॉड आहे ते बघून मॅन्युअलचं पान उघडायचं. प्रत्येक वेळी काही कसलं की क्रँक हातानं एक पूर्ण फेरी फिरवायचा. कुठं अडलंच तर तिथंच कळतं.

पॉइंट, म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा स्विच, त्याची फट २० थाऊ. टायमिंग जुळवायला टायमिंग लाइट लागत नाही, ओहममीटर पुरतो. फ्लायव्हीलवर दोन खुणा आहेत, टी म्हणजे पिस्टन वर, एस म्हणजे ठिणगी, टीच्या २० अंश आधी. एस खिडकीच्या मध्यावर येते त्या क्षणी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. मीटरची बीप तिथं तुटली की झालं.

३० नंबरचं ऑइल दोन क्वार्ट ओतलं, स्टार्टर-जनरेटरचा पट्टा ताणला आणि फिरवलं. कार्ब्युरेटरच्या सुया अंदाजानं सोडल्या होत्या, त्यामुळे आधी नुसता खोकला, मग मुख्य सुई थोडी बाहेर घेतल्यावर धरलं. जोडताना लावलेलं ऑइल जळून पांढरा धूर निघाला आणि थोड्या वेळात साफ झाला. नव्या रिंगांना आयडलवर गुरगुरत ठेवणं मानवत नाही, दाब मिळाला तरच त्या भिंतीला बसतात. म्हणून लगेच गवतात घातलं, लोड कमी-जास्त करत. थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा कसले. पाच तासांनी पहिलं ऑइल काढलं, त्यात रिंगांचा बारीक चमचमता कीस होता, अपेक्षेइतकाच. तेव्हापासून दर २५ तासांनी बदलतोय.

ठकठक गेली, धूर गेला. थरथराट आधीपेक्षा जरा जास्त आहे, आयडलला सीटखाली जाणवतो. अण्णांना चालू इंजिन दाखवलं, तर त्यांनी आवाज ऐकायच्या आधी ब्रीदरवर कागद धरायला सांगितला.

“फडफडतोय का?”

“नाही. आत ओढला जातोय.”

“मग झालं. आता त्या फिल्टरचं काय केलंस?”

फिल्टरचं झाकण नीट बसत नव्हतं. नवं पॅकिंग मागवलंय.